भीक द्यावी की नाही: दहा रुपयांच्या नाण्याकडून किती अपेक्षा करावी?

चौकातल्या सिग्नलचा आकडा ८७ वर असतो आणि रिक्षाच्या दांडीवर नाण्याची टकटक ऐकू येते. बाहेर एक म्हातारी उभी असते; एका हातात कागदी कप, दुसऱ्या हाताने पदर सावरलेला. ती ‘दादा’ किंवा ‘बाळा’ असे काहीतरी म्हणते आणि आकडा शून्यावर येईपर्यंत आपल्या मनात एक लहानसा खटला चालतो. हिला खरोखर गरज असेल का, हे पैसे हिच्याकडेच राहतील का, आज दिले तर उद्या पुन्हा याच चौकात उभी राहण्याची सवय तिला लागेल का, आणि नाही दिले तर आपण किती कोरडे ठरतो, असे सगळे मुद्दे एकदम उभे राहतात. बहुतेक वेळा निकाल लागायच्या आत दिवा हिरवा होतो आणि ‘सुट्टे नाहीत’ असे पुटपुटत आपण सुटतो. यूपीआय आल्यापासून ही सबब खरीही असते, एवढाच काय तो फरक.

हा निर्णय इतका अवघड वाटतो याचे मुख्य कारण, माझ्या मते, एका प्रश्नात आपण चार निराळे प्रश्न कोंबतो हे आहे. समोरच्या माणसाला आज, आत्ता काही हवे आहे का, हा एक प्रश्न. ज्या कारणांनी भीक मागण्याची वेळ येते ती कारणे आपल्या पैशाने घटतील की वाढतील, हा दुसरा. कायदा काय म्हणतो, हा तिसरा, आणि आपण देतो ते नेमके कोणासाठी, हा चौथा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या खात्यात लिहिले की घोटाळा होतो. ‘भीक दिल्याने गरिबी हटत नाही’ हे विधान खरेच आहे; तापलेल्या कपाळावर ओली पट्टी ठेवल्याने मलेरियाही बरा होत नाही. म्हणून पट्टी ठेवू नये असे कोणी म्हणत नाही, फक्त पट्टी ठेवली म्हणजे औषधोपचार झाला असे समजू नये, एवढेच.

भिक्षा, माधुकरी आणि भीक

मराठीत या एका कृतीला निरनिराळी नावे आहेत आणि ती समानार्थी नाहीत. संन्याशाने मागायची ती भिक्षा, गरीब विद्यार्थ्याने ठरलेल्या घरी जाऊन आणायची ती माधुकरी, सणावाराला दारी आलेल्याला द्यायचे ते दान, आणि उरलेल्या सगळ्यांची ती भीक. वासुदेव, गोंधळी, पिंगळा, नंदीबैलवाले, बहुरूपी, कुडमुडे जोशी, डवरी गोसावी अशा समाजांचे फिरण्याचे गाव आणि हंगाम बहुधा ठरलेले असत. सुगी झाली की ते येत, गात, भविष्य सांगत आणि सुपातून दिलेले धान्य झोळीत घेऊन पुढच्या गावाला जात. देणाऱ्याच्या लेखी ते काही अंशी धर्मकृत्य असे, काही अंशी करमणुकीचे मोल असे आणि काही अंशी समोरच्याचा रूढ हक्कही असे. ‘तू खरोखर गरजू आहेस ना?’ असे पहाटे चिपळ्या वाजवत आलेल्या वासुदेवाला विचारणे कोणाला सुचले नसते, कारण ती देवघेव गरजेच्या पुराव्यावर चालतच नव्हती. ती ओळखीवर चालत होती.

ओळख गेल्यावर काय होऊ शकते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे दिसले. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकले. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांनी परिसरात आधीच संशय पेरून ठेवला होता. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरलेल्या समाजाचे लोक एका आठवडी बाजारात केवळ अनोळखी उरले होते. शहरातल्या सिग्नलवर संशयाचे रूप इतके भीषण नसते, पण मूळ तेच असते. मागणारा आपल्याला ओळखत नाही, आपण त्याला ओळखत नाही, आणि खरेखोटे करायला आपल्या हातात ८७ सेकंद असतात.

देणाऱ्याच्या हेतूबद्दलही थोडे मोकळेपणाने बोलले पाहिजे. ग्रहणाच्या वेळी गल्लीतून ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी ऐकू येई, ती आठवणारे वाचक अजून असतील. त्या हाळीत मागणाऱ्याच्या भुकेचा उल्लेखही नाही. देणाऱ्यावरचे अरिष्ट टळावे म्हणून दान द्यायचे, असा तो रोकठोक व्यवहार आहे. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर किंवा अमावास्येला दिलेली नाणी याच जातीची असतात. मला यात फारसे वावगे वाटत नाही, कारण नाण्याला देणाऱ्याचा हेतू चिकटून राहत नाही आणि चहाच्या टपरीवर ते सारखेच चालते. अडचण एवढीच, की स्वतःच्या समाधानासाठी देणारा समोरच्याला काय लागते ते पाहत नाही. त्यामुळे उत्सवाच्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्याला एकाच सकाळी सहा ठिकाणचा शिरा मिळतो आणि मधल्या वारी पाणी विचारणाराही कोणी नसतो.

कायदा कोणाला भिकारी म्हणतो

मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम १९५९ साली झाला आणि पुढे तो दिल्लीलाही लागू करण्यात आला. त्यातली भीक मागण्याची व्याख्या सावकाश वाचण्यासारखी आहे. हात पसरून पैसे मागणे तिच्यात येतेच; पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे या निमित्ताने पैसे मागणे, आणि जखम किंवा व्यंग दाखवून मागणे, हेही येते. याखेरीज, उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरणे, की हा मनुष्य भिकेवर जगत असावा असे वाटावे, हीसुद्धा भीकच मानलेली आहे. म्हणजे तोंडाने काही न मागता, नुसते कंगाल दिसूनही माणूस या व्याख्येत सापडू शकतो. पोलिसांना अशा व्यक्तीला वॉरंटशिवाय ताब्यात घेता येते, दंडाधिकाऱ्यापुढे संक्षिप्त चौकशी होते आणि पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते. वारंवार सापडल्यास ही मुदत १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. वासुदेव आणि सिग्नलवर कान साफ करायच्या काड्या विकणारा पोरगा, असे दोघेही कागदोपत्री एकाच चौकटीत बसतात.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी, भीक मागणे हा गुन्हा ठरवणाऱ्या या कायद्यातील तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. लोक हौसेने भीक मागत नाहीत, पोट भरण्याचा तो शेवटचा मार्ग असतो, आणि ज्यांना किमान गरजेच्या गोष्टी पुरवणे राज्याला जमलेले नाही त्यांनाच त्याबद्दल डांबून ठेवणे न्याय्य नाही, असा त्या निर्णयाचा गाभा होता. इतरांना भीक मागायला लावणाऱ्यांना शिक्षा देणारे कलम मात्र न्यायालयाने शाबूत ठेवले. ही रेषा मला महत्त्वाची वाटते, कारण ‘मागणारा’ आणि ‘मागायला लावणारा’ या दोघांना एकाच पोलिसी व्हॅनमध्ये कोंबण्याची आपली जुनी खोड तिने मोडली. पुढे जुलै २०२१ मध्ये, करोनाच्या काळात चौकाचौकांत भीक मागण्यास प्रतिबंध करावा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने असा उच्चभ्रू दृष्टिकोन स्वीकारण्यास नकार दिला.

प्रशासनाचा कल मात्र उलट दिशेने जाताना दिसतो. नागपुरात मार्च २०२३ मध्ये पोलिस आयुक्तांनी चौकांत भीक मागण्यावर मनाई आदेश काढला. इंदूरमध्ये तर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्यास सुरुवात झाली आणि त्याच महिन्यात दहा रुपये दिल्याबद्दल एकावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी देशभर गाजली. आपल्याकडच्या १९५९ च्या कायद्यात देणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळे एखादा स्थानिक मनाई आदेश नसेल तोवर, नाणे देताना निदान पोलिसांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

दिल्याने काय घडते

आता दुसरा प्रश्न, म्हणजे परिणामांचा. इथे भावना थोडी बाजूला ठेवून बाजारासारखा विचार करावा लागतो, कारण तोही एक बाजारच आहे. देणाऱ्याला समोरच्याची गरज दिसत नाही, गरजेची खूण दिसते: फाटके कपडे, बँडेज, कुबडी, कडेवरचे मूल. पैसा त्या खुणेला मिळतो. ज्या खुणेला जास्त पैसा मिळतो ती खूण मग अधिकाधिक दिसू लागते, आणि जी गरज दिसत नाही, उदाहरणार्थ मधुमेह, कर्ज किंवा घरातून हाकलून दिलेले असणे, तिच्या वाट्याला काही येत नाही. यात मागणाऱ्याला लबाड म्हणण्याचे फारसे कारण नाही. आपणही नोकरीच्या मुलाखतीला इस्त्री केलेला सदरा घालून जातोच.

लहान मुलांच्या बाबतीत या बाजाराचा हिशेब सर्वांत वाईट बसतो. समजा, एखाद्या सिग्नलवर तासाभरात चार जणांनी सात वर्षांच्या मुलीच्या हातावर दहा-दहा रुपये ठेवले, तर पाच तासांचे २०० रुपये होतात. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण त्यांचा अर्थ सरळ आहे: तिच्या आईला एकटीने उभे राहून ८० मिळत असतील, तर मुलीला शाळेत पाठवण्याची रोजची किंमत त्या कुटुंबासाठी २०० रुपये झाली. ही किंमत ठरवली कोणी? गाडीची काच खाली करणाऱ्या आपण. शाळेत फी नाही, पोषण आहार मिळतो, पुस्तके मिळतात, हे सगळे खरे असले तरी सिग्नल त्याहून जास्त देतो. आपण मुलीला दिलेल्या प्रत्येक नाण्याने शाळा आणखी महाग होते.

प्रत्येक मुलामागे एखादी टोळी असते, अशी एक समजूत चित्रपटांनी घट्ट केली आहे. असे गुन्हे घडत नाहीत असे मुळीच नाही. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे, आणि भीक मागायला लावण्यासाठी मुलाला पळवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेत किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. मात्र आमच्या चौकातल्या मुलांच्या आया समोरच दुभाजकावर बसलेल्या असतात, धाकट्याला पाजत, मोठ्यावर ओरडत. तिथे टोळी नाही, वरचा २०० रुपयांचा हिशेब मात्र तसाच आहे. म्हणून मुलांच्या हातात रोख पैसे देऊ नयेत, हा या संपूर्ण विषयातला एकच नियम मी जवळजवळ बिनअपवाद पाळतो. मूल आजारी दिसले, एकटे दिसले, कोणी मारहाण करताना दिसले तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. कायद्याच्या लेखी भीक मागणारे मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल आहे, आरोपी नाही, हे तिथे बोलताना लक्षात असू द्यावे.

‘पैसे देऊ नका, खायला द्या’ हा दुसरा नियम सर्वत्र ऐकू येतो. तो दिसतो तितका निर्दोष नाही. मुंबईत पर्यटकांच्या वाटेवर जुना प्रकार आहे: कडेवर मूल घेतलेली बाई म्हणते, ‘पैसे नकोत, बाळाला दुधाची पावडर घेऊन द्या’, देणारा खूश होऊन समोरच्या दुकानातून मोठा डबा घेऊन देतो, आणि तो डबा थोड्या वेळाने त्याच दुकानात परत जातो. दुकानदार आपला हिस्सा कापून उरलेली रक्कम देतो. म्हणजे रोख मिळालीच, फक्त मधल्या माणसाची दलाली वाढली. बिस्किटांच्या पुड्यांचेही अनेकदा असेच होते, कारण सकाळपासून दहा जणांनी एकच पुडा दिलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर एक वृद्ध गृहस्थ फलाटाच्या खांबाला टेकून बसलेले असत. धोतर मळलेले, पण टोपी नीट घातलेली. मी त्या वेळी ‘रोख नाही, खाणेपिणे’ या नियमाचा कट्टर पाईक होतो. त्यांनी हात पुढे केल्यावर मी मोठ्या उदारपणे म्हणालो, “आजोबा, चला, चहा पाजतो.” ते म्हणाले, “चहा नको रे बाळा, सकाळपासून चार झाले. गोळ्या संपल्यात.” आणि त्यांनी बंडीच्या खिशातून औषधाची पट्टी काढून दाखवली. नऊ घरे फुटलेली, कोपऱ्यातली एक गोळी उरलेली, आणि ती दाखवून झाल्यावर पट्टी पुन्हा घडी घातलेल्या रुमालात. रक्तदाबाची गोळी होती. चार जणांनी माझ्यासारखाच नियम पाळला होता आणि त्या चार चहांच्या पैशांत साध्या गोळ्यांची एक पट्टी आली असती. रोख पैशाचा गुण हाच, की काय हवे ते ज्याचे त्याला ठरवता येते. आणि आपल्याला नेमकी त्याचीच भीती वाटते.

ती भीती म्हणजे दारूची. मोठ्या माणसाला रोख दिली तर ती गुत्त्यावर जाईल, हा आक्षेप पूर्णपणे खोटा नाही. फुटपाथवर राहणाऱ्यांत व्यसन आहे आणि एखाद्याच्या तोंडाला वास येत असेल तर मी देत नाही. पण गरीब माणसाच्या हाती पैसा पडला की तो सरसकट दारू-तंबाखूत जातो, हे गृहीतक तपासून पाहिलेले आहे आणि ते टिकलेले नाही. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी २०१४ साली लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातल्या थेट रोख मदतीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा मदतीने व्यसनावरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात २०१८ मध्ये ५० बेघर व्यक्तींना प्रत्येकी ७,५०० डॉलर एकरकमी देण्यात आले. मदत न मिळालेल्यांशी तुलना करता त्यांचे बेघरपणाचे दिवस कमी झाले, शिल्लक वाढली आणि व्यसनावरचा खर्च वाढला नाही. मात्र या प्रयोगात गंभीर व्यसन असलेल्यांना घेतलेले नव्हते, आणि ७,५०० डॉलर म्हणजे कपात टाकलेले नाणे नव्हे. एकरकमी मोठ्या रकमेने घर भाड्याने घेता येते. दहा रुपयांनी वडापावाचा अर्धा प्रश्न सुटतो. हे अभ्यास आपल्या सिग्नलला जसेच्या तसे लागू होत नाहीत. गरीब म्हणजे उधळ्या, या समजुतीला मात्र त्यांनी चांगलाच धक्का दिला आहे.

‘श्रीमंत भिकारी’ हा आणखी एक लाडका विषय. २०१९ साली मुंबईत लोहमार्गावर मरण पावलेल्या एका वृद्ध भिकाऱ्याच्या झोपडीत पोलिसांना सुमारे पावणेदोन लाखांची नाणी आणि पावणेनऊ लाखांच्या ठेवींच्या पावत्या सापडल्या. ही बातमी ‘बघा, म्हणून मी देत नाही’ असे म्हणत पुढे पाठवणारे माझ्याही कुटुंबात आहेत. मला ती बातमी निराळी वाटते. साठलेले साडेदहा लाख घेऊन झोपडीत एकटा राहणारा आणि तरीही रोज मागायला जाणारा वृद्ध माणूस ऐषआरामात नव्हता. म्हातारपणी आपले कोण करणार या धास्तीने पै-पै साठवणाऱ्या आपल्याच एखाद्या आजोबांसारखा तो होता, फक्त त्याला पेन्शन नव्हती. शिवाय अशी एक बातमी बातमी होते याचे कारण ती विरळा आहे. २०११ च्या जनगणनेने देशात भिकारी व भटके म्हणून ४ लाख १३ हजारांहून अधिक लोक मोजले, त्यांपैकी महाराष्ट्रात २४ हजारांवर. त्या सगळ्यांची पात्रता एका पोत्यातल्या नाण्यांवरून ठरवणे हा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाला पटणार नाही.

‘सरकार देते ना’

देऊ नये असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा, की निराधारांसाठी योजना आहेत, निवारे आहेत, संस्था आहेत. मग सिग्नलवर का द्यायचे? योजना खरोखरच आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांतून २०२३ पासून महिना १,५०० रुपये करण्यात आले. दिवसाला ५० रुपये. त्यात दोन वेळचे जेवण बसवून पाहावे, मग औषधाचा विचार करावा. आणि ते ५० रुपये मिळवण्यासाठी महाराष्ट्रात १५ वर्षे राहत असल्याचा दाखला, वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला, वयाचा पुरावा, आधार आणि बँकेचे खाते लागते. ज्याचे घरच नाही त्याने रहिवासाचा दाखला कोणत्या पत्त्यावर काढायचा? गाव सोडून मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांत फिरत राहिलेल्या आणि कागदांची पिशवी पुरात, पाडकामात किंवा चोरीत गमावलेल्या माणसाला तलाठी ओळखत नाही, तलाठी ओळखत नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून अनुदान नाही.

निवाऱ्यांचेही तसेच. शहरात दर लाख लोकवस्तीमागे एक बारमाही निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत. आपल्या शहराची लोकसंख्या आणि आपल्याला ठाऊक असलेले निवारे प्रत्येकाने मनातल्या मनात ताडून पाहावेत. दहा रुपयांत मिळणारी शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून सुरू झाली आणि तिने अनेकांना दुपार काढून दिली, पण ती दुपारच्या ठराविक वेळेत, ठराविक केंद्रांवर आणि मर्यादित संख्येत मिळणारी थाळी आहे. तिला दहा रुपये लागतात, आणि ते दहा रुपये कुठून आले हे या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेले आहे.

याचा अर्थ संस्थात्मक काम निरुपयोगी आहे असा नाही. दुसऱ्या खात्यातले, म्हणजे भिकेची कारणे कमी करण्याचे काम केवळ तिथेच होते. कुष्ठरोग्याला एकेकाळी भीक मागण्यावाचून गत नव्हती. बाबा आमटे यांनी १९४९ पासून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले ते उपचार, शेती आणि श्रम यांच्या जोरावर, आणि त्यामागे दानाने माणूस दुबळा होतो ही त्यांची ठाम धारणा होती. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, आजाऱ्यांना औषधोपचार, बेकारांना रोजगार असे सगळे आहे. त्या दशसूत्रीला ‘रोकडा धर्म’ म्हणतात आणि तिच्यात रोकड वाटा असे मात्र कुठे म्हटलेले नाही, ही गंमत माझ्या ध्यानात फार उशिरा आली. गाडगेबाबांनी त्याप्रमाणे धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते चालवली. असे काम दशकानुदशके चालते आणि त्याला नियमित पैसा लागतो. म्हणून ‘मी रस्त्यावर देत नाही, संस्थेला देतो’ हे उत्तर उत्तम आहे, अट एकच, की ते खरे असले पाहिजे. मी स्वतः अनेक वर्षे हेच सांगत असे. एकदा शेवटची पावती शोधायला बसलो तेव्हा ती अडीच वर्षांपूर्वीची निघाली.

मग ठरवायचे कसे

सिग्नलवर ठरवायचे नाही, हे मी शिकलो. ८७ सेकंदांत पात्रता ठरवता येत नाही. घरी, महिन्याच्या सुरुवातीला, दोन वेगवेगळ्या रकमा ठरवता येतात: एक संस्थेला बँकेतून आपोआप जाणारी आणि दुसरी रस्त्यासाठीची. पहिली मोठी असावी, दुसरी लहान आणि बिनहिशेबी असावी. बिनहिशेबी अशासाठी, की एकदा दिलेल्या दहा रुपयांवर पाळत ठेवायची म्हटले तर देणाऱ्याचा मनःस्ताप दहा रुपयांहून जास्त होतो. भाजीवालीला दिलेल्या पैशांचे ती पुढे काय करते, हे आपण विचारत नाही.

रस्त्यावरच्या रकमेचा माझा क्रम असा आहे. म्हातारी माणसे आणि चालता न येणारी माणसे यांना रोख, न विचारता. धडधाकट माणूस काही विकत असेल तर वस्तू घ्यायची आणि सांगेल ती किंमत द्यायची. पेन नको असेल तरी घ्यायचे, घरात पेने कुठे जातात ते तसेही कळत नाही. मुलांना रोख नाही. खायला हवे असेल तर पुडा फोडून द्यायचा, म्हणजे तो दुकानात परत जात नाही. जो माणूस रोज त्याच जागी दिसतो त्याच्याशी मात्र एकदा तरी बोलायचे, कारण तिथे ओळख शक्य असते आणि ओळख झाली की दाखल्यापासून दवाखान्यापर्यंत पुष्कळ गोष्टी शक्य होतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हा क्रमांक मला अशाच एका बोलण्यातून उपयोगी पडला.

आणि नाही म्हणायचे असेल तर काच वर करून मोबाइलमध्ये डोके खुपसू नये. आमची आजी दारात आलेल्याला काही नसले तर ‘माफ कर बाबा, पुढे जा’ असे म्हणत असे. त्या वाक्यात नकार तिचा होता आणि माफीही तीच मागत होती. मी एक तारखेला दहाच्या वीस नोटा गाडीच्या कप्प्यात ठेवतो. गेल्या महिन्यात त्या १९ तारखेला संपल्या. वीस तारखेला त्याच चौकात कागदी कप घेऊन ती म्हातारी आली, तेव्हा मी काच खाली करून ‘आज नाहीत, आजी’ एवढे म्हणालो. ती ‘बरं’ म्हणाली आणि मागच्या गाडीकडे गेली.